एड्सची नसती भीती

बाजारच्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात गर्दी असते. न्हावी घाईत असतो. वस्तरा फिरवताना हनुवटीला जरासा लागतो. रक्ताचा थेंब येतो. न्हावी तुरटीचा खडा पाण्यात बुडवून त्यावर फिरवतो आणि म्हणतो, "झालं. चला, पुढचे कोण?" पूर्वी माणूस गाल पुसून घरी जायचा. आता कित्येकांच्या मनात तिथेच एक विचार येतो. माझ्या आधी या खुर्चीत कोण बसला होता? त्याला तो रोग तर नसेल? तोच वस्तरा मला लागला. मग माझं काय होणार?

तो रोग म्हणजे एड्स. त्याचे नाव घ्यायलाही लोक कचरतात. 'तो आजार', 'तसला आजार' असे म्हणतात. आपण या पाठात त्याचे नाव घेऊनच बोलू.

एच. आय. व्ही. हे एका विषाणूचे नाव आहे. विषाणू म्हणजे अतिशय बारीक जंतू. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शेतात राखणदार असतो ना, तशा त्या शरीराच्या राखणदार. बाहेरचा रोग आत शिरला की त्या त्याच्याशी झुंजतात. एच. आय. व्ही. नेमका या राखणदारांवरच घाला घालतो. औषध घेतले नाही तर काही वर्षांनी राखणदार फार कमी होतात. मग क्षयासारखे रोग शरीरात सहज घुसतात. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एच. आय. व्ही. असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो, असे नव्हे. दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही दोन आहेत.

हा रोग पहिल्यांदा १९८१ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या ध्यानात आला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. तो शोधणाऱ्या फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी या बाईंना आणि ल्यूक माँटेनिए यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, आढळला. तो शोधून काढला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी. सुनीतीबाईंचे माहेरचे आडनाव गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेले ते मराठी घराणे. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या रोग्यांची सेवा करण्यात घालवले.

त्या काळी या रोगावर औषध नव्हते. माणूस खंगत जायचा आणि मरायचा. गावोगावी भिंतींवर कवटीची चित्रे रंगवली गेली. ती चित्रे पाहून लोक घाबरले. पुढे १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची रीत निघाली आणि रोगी जगू लागले. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. आता बहुतेक रोग्यांना रोज एक गोळी घ्यावी लागते. वेळेवर गोळी घेणारा माणूस शेती करतो, नोकरी करतो, नातवंडे पाहतो. रोग इतका बदलला, पण भीती मात्र त्या कवटीच्या चित्रापाशीच थांबून राहिली आहे.

आता हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते पाहू. त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट शरीरसंबंधाची. ज्याच्या अंगात विषाणू आहे अशा माणसाशी निरोध न वापरता संबंध आला, तर लागण होऊ शकते. आपल्या देशात बहुतेक लागण याच वाटेने होते. दुसरी वाट दूषित रक्त चढवण्याची. तिसरी, एकाने वापरलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचण्याची. चौथी वाट आईकडून बाळाकडे जाणारी. ती गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. आईने औषध नीट घेतले तर १०० बाळांपैकी ५ पेक्षाही कमी बाळांना लागण होते.

वाटा एवढ्याच. पाचवी वाट नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, रक्तातून जातो म्हणता. मग वस्तऱ्यावर रक्त नसतं का?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याला चटकन कळेल.

बी उगवायला काय काय लागते? बी जिवंत हवे. पुरेसे हवे. जमिनीत वाफसा हवा. आणि बी जमिनीच्या आत जायला हवे. बांधावरच्या दगडावर मूठभर बी सांडले तर ते उन्हाने वाळते, पाखरे टिपतात. तिथे पीक येत नाही. एच. आय. व्ही. चे तसेच आहे. तो माणसाच्या अंगातल्या ओलाव्यात, माणसाच्या पेशीतच वाढतो. अंगाबाहेर तो वाढत नाही. रक्त वाळू लागले की तो झपाट्याने निकामी होतो. साबणाने, उकळत्या पाण्याने, ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने तो मरतो. पटकी पाण्यातून पसरते, क्षय हवेतून पसरतो. त्या जंतूंच्या मानाने हा विषाणू फार नाजूक आहे. माणसाच्या अंगाबाहेर त्याची गत पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी होते.

आता वस्तऱ्याचा विचार करा. न्हावी पाते पुसतो, फेसातून फिरवतो, पाण्यात बुडवतो. आधीच्या गिऱ्हाईकाचे रक्त त्यावर राहिलेच तर कितीसे राहणार? शिवाय पाते भरीव असते. दवाखान्यातली सुई आतून पोकळ असते आणि तिच्या पोकळीत रक्त साठून राहते. म्हणून डॉक्टर सुईची काळजी करतात. गालावरच्या ओरखड्याची जोखीम ते जवळजवळ नसल्यातच जमा धरतात.

सुईचीही गोष्ट ऐका. रुग्णालयात कधी कधी परिचारिकेला चुकून सुई टोचते. ती सुई नुकतीच एच. आय. व्ही. असलेल्या रोग्याच्या अंगातून काढलेली असते. ताजे रक्त, पोकळ सुई, आणि ती थेट मांसात गेलेली. अशा प्रसंगांची मोजदाद डॉक्टरांनी केली आहे. अशा १००० प्रसंगांत साधारण ३ जणांना लागण होते. ९९७ जणांना होत नाही, आणि हा हिशेब औषध न घेतलेल्यांचा. रोग्याचे रक्त डोळ्यांत उडाले तर १००० मध्ये साधारण १. आता सांगा, जिथे खरी सुई टोचूनही १००० मध्ये ९९७ सुटतात, तिथे पुसलेल्या पात्याच्या ओरखड्याने किती घाबरावे?

तरीही न्हाव्याला नवे पाते लावायला सांगावे, हे मी आग्रहाने म्हणतो. मात्र त्याचे कारण वेगळे आहे. 'ब' प्रकारची कावीळ रक्तातून पसरते आणि तिचा विषाणू चिवट आहे. तो अंगाबाहेर सात दिवसदेखील टिकतो. अर्धे पाते बदलायला न्हाव्याला फार खर्च येत नाही. नवे पाते मागताना लाजू नये. तसेच जत्रेत यंत्राने गोंदून घेताना एकाच सुईने दहा जणांना गोंदतात. तिथे नवी सुई काढली असेल तरच हात पुढे करावा, नाहीतर गोंदणे राहू द्यावे.

डासाबद्दलही नेहमी विचारले जाते. डास एकाचे रक्त पितो आणि दुसऱ्याला चावतो, मग विषाणू जात नाही का? जात नाही. डास चावतो तेव्हा तो आपली लाळ आत सोडतो. आधी प्यायलेले रक्त तो परत ओतत नाही. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो आणि त्याच्या लाळेत उतरतो. एच. आय. व्ही. डासाच्या पोटात गेला की तिथे पचून जातो. डासाच्या अंगात तो जगूच शकत नाही. आणि साधा विचार करा. डासांमुळे हा रोग पसरला असता, तर तो आधी लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत दिसला असता. डास काही वय पाहून चावत नाही.

पंगतीत शेजारी जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, एका विहिरीवर पोहल्याने, संडासात गेल्याने, हात मिळवल्याने, लेकराचा मुका घेतल्याने, खोकल्या-शिंकल्याने हा रोग होत नाही. घाम, अश्रू, थुंकी यांतून तो जात नाही. अनेक देशांत अशा रोग्यांच्या घरांची पाहणी झाली. वर्षानुवर्षे एका घरात राहणारी, एका भांड्यातले खाणारी माणसे तपासली. नुसते एकत्र राहिल्याने, जेवल्याने लागण होत नाही, असेच दिसून आले.

मोबाईलवर मात्र दर काही महिन्यांनी एक निरोप फिरतो. कुणीतरी थंड पेयात दूषित रक्त मिसळले, कुणीतरी सिनेमागृहाच्या खुर्चीत सुई खोचून ठेवली. खाली कुठल्यातरी पोलिसांचे नाव लिहिलेले असते. हे निरोप खोटे असतात. पेयात रक्त पडले तरी त्यात विषाणू टिकत नाही, आणि पोटातले आम्ल उरलेसुरलेही संपवते. असा निरोप आला तर पुढे पाठवू नये.

इतके सांगूनही काही माणसांची भीती जात नाही. पाठाचा खरा विषय तीच माणसे आहेत.

माझ्या माहितीतला एक शेतकरी आहे. त्याचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ही हकीकत त्यानेच मला सांगितली आणि "दुसऱ्याच्या उपयोगी पडत असेल तर लिहा" असे म्हणाला. वय अडतीस. दोन एकर जमीन, कांदा करतो. दाढी करताना त्याला वस्तरा लागला. त्याच्या आधी त्या खुर्चीत एक वाळलेला माणूस बसला होता. दुकानात बसलेल्यांपैकी कुणीतरी हसत म्हणाला, "त्याला तसला आजार आहे म्हणतात." झाले. तेवढे एक वाक्य या गड्याच्या काळजात रुतून बसले.

चौथ्या दिवशी तो तालुक्याला गेला आणि खाजगी ठिकाणी पैसे भरून रक्त तपासून आला. उत्तर आले, 'नाही'. दोन रात्री झोप लागली. तिसऱ्या रात्री शंका आली, चौथ्या दिवशी विषाणू दिसला नसेल तर? मग विसाव्या दिवशी तपासले. मग तीन महिन्यांनी. मग पुन्हा. सहा महिन्यांनी पाचव्यांदा. पाचही वेळा 'नाही'. मधल्या काळात एका फिरत्या वैदूने त्याला रक्त शुद्ध करणारी पूड म्हणून काहीतरी विकले. त्यापायी दोन शेळ्या गेल्या. रात्री अंधारात मोबाईलच्या उजेडात तो जीभ पाहायचा. गळ्याच्या गाठी चाचपायचा. दर बाजाराला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करायचा. स्वतःचे ताट त्याने वेगळे केले. बायकोजवळ निजेना. चार वर्षांची पोरगी "आबा, घ्या ना" म्हणून हात वर करायची, तर हा मागे सरकायचा. पोरगी रडायची. बायकोला वाटले, हा बाहेर कुठे गुंतला. घरातले बोलणेच बंद झाले.

शेवटी बायकोने आशाताईंच्या कानावर घातले. आशाताई त्या दोघांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथे एच. आय. व्ही. ची तपासणी आणि सल्ला देणारे केंद्र आहे. सल्ला देणाऱ्या बाईंनी त्याला एकट्याला बसवून घेतले.

"ताई, पाच वेळा तपासलं. पाचही वेळा नाही आलं. पण मन ऐकत नाही."

"शेवटची तपासणी कधी केली, दादा?"

"वस्तरा लागून सहा महिने झाले तेव्हा."

"मग ती पक्की. तीन महिन्यांनंतरचं उत्तर शेवटचं धरतात."

"पण मशीन चुकलं असलं तर?"

"पाचही वेळा चुकलं?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, वजन सात किलो उतरलंय."

"जेवण किती जातं?"

"अर्धी भाकरी."

"आणि झोप?"

"दोन-अडीच तास."

"अर्ध्या भाकरीवर आणि दोन तासांच्या झोपेवर कुणाचंही वजन उतरेल, दादा. तुम्हाला एच. आय. व्ही. नाही. पण तुम्ही आजारी नाही असंही मी म्हणत नाही. तुमचा आजार चिंतेचा आहे. त्यालाही औषध असतं."

मग बाईंनी हळूच विचारले, "वस्तरा सोडून आणखी काही मनात आहे का? इथलं बोलणं बाहेर जात नाही." बराच वेळ गेला. मग त्याने सांगितले. दहा-अकरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, तो मालमोटारीवर क्लीनर होता. तेव्हा सोबत्यांच्या नादाने दोनदा नको तिथे गेला होता. ते त्याने कुणालाच सांगितले नव्हते. मनात धाक होता की त्याची शिक्षा कधीतरी मिळणारच. वस्तरा निमित्त झाला.

हे मी मुद्दाम लिहितो. आजवर अशा धास्तावलेल्या माणसांशी बोलताना मला बहुधा हेच आढळले आहे. भीती वस्तऱ्याची असते, पण ती मूळ धरते दुसऱ्याच जागी. कुणाला जुनी चूक खात असते. कुणाच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो. कुणावर कर्ज असते. चिंतेला टेकायला एखादी जागा हवी असते, आणि रोग ही सोपी जागा असते. बाईंनी त्याला सांगितलेली गोष्ट फार मोलाची होती. तपासणी विषाणू पाहते. तो कोणत्या वाटेने आला ते पाहत नाही. म्हणून 'नाही' हे उत्तर वस्तऱ्यालाही लागू आहे आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन रात्रींनाही.

त्याला मनाच्या डॉक्टरांकडे जिल्ह्याला पाठवले. काही महिने गोळ्या चालल्या. सहावी तपासणी करायची नाही, असा बाईंनी करार घेतला. शंका आली तर आली, तिच्यामागे धावायचे नाही. जीभ पाहायची नाही. वजन करायचे नाही. पहिले पंधरा दिवस जड गेले. मग शंका येऊ लागली तशीच जाऊ लागली. घरचे ताट पुन्हा एक झाले.

चिंतेच्या आजारात हे असे का होते? आपण विस्तवावर फुंकर घातली तर तो विझत नाही, उलट फुलतो. शंका आली की माणूस तपासणी करतो, दहा जणांना विचारतो, मोबाईलमध्ये शोधतो. घटकाभर बरे वाटते. मन शिकते की बरे वाटायला पुन्हा विचारावे. मग पुन्हा शंका येते, आधीपेक्षा लवकर. मोबाईल तर असा सोबती, की ताप विचारला तर तो शंभर रोग सांगतो. ताप, जुलाब, अंगावर पुरळ, गळ्यात गाठ, ही लक्षणे शेकडो साध्या आजारांत होतात. त्यावरून एच. आय. व्ही. ओळखता येत नाही. तो फक्त तपासणीने कळतो.

घरच्यांनी अशा माणसाला हसू नये. "येडा झालास का?" असेही म्हणू नये. खरी माहिती एकदा नीट सांगावी. तोच प्रश्न वीस वेळा आला तर वीस वेळा उत्तर देत बसू नये. "हे आपलं बोलणं झालंय. चल, मोटर चालू करून येऊ," असे म्हणून कामाला लावावे. झोप, जेवण, काम बंद पडले असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या नंबरावर मनाच्या आजाराबद्दल फुकट सल्ला मिळतो. ही सरकारी सोय २०२२ सालापासून आहे. मनाच्या डॉक्टरांकडे जाणारा माणूस वेडा असतो, हा समज काढून टाकावा.

तपासणीबद्दल दोन-चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. विषाणू अंगात शिरल्यावर लगेच तपासणीत दिसत नाही. काही आठवडे जावे लागतात. म्हणून चौथ्या दिवशी केलेली तपासणी वाया जाते. प्रसंगाला तीन महिने झाल्यावर केलेल्या तपासणीत 'नाही' आले तर विषय संपला. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. निकाल गुप्त ठेवतात. पहिल्याच चाचणीवर 'आहे' असे कुणाला सांगत नाहीत. वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच सांगतात.

आता भीती कुठे असावी, तेही सांगायला हवे. कारण वस्तऱ्याला घाबरणारा गडी कधी कधी परगावी निरोध न वापरता संबंध करून येतो आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. पुढच्या दाराला तीन कुलपे आणि मागचे दार सताड उघडे, अशातला हा प्रकार. दुसरे, प्रत्येक दुखण्याला सुई मागण्याची आपली खोड. शेजारच्या पाकिस्तानात, सिंध प्रांतातल्या रातोदेरो या गावी २०१९ साली शेकडो मुलांना एच. आय. व्ही. ची लागण झालेली आढळली. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया हे त्याचे मोठे कारण निघाले. साधा ताप होता, त्यासाठी सुई टोचली होती. म्हणून शिकलेल्या डॉक्टरांकडेच जावे. सुई लागणारच असेल तर आपल्या डोळ्यांसमोर नवी पुडी फोडायला सांगावी. गोळीने भागत असेल तर सुई मागूच नये. रक्त चढवायचे झाल्यास ते परवाना असलेल्या रक्तपेढीतूनच आणावे. तिथे प्रत्येक पिशवी तपासलेली असते. आणि रक्त द्यायला मुळीच भिऊ नये. रक्त देताना सुई नवीच असते.

कधी खरोखरच जोखमीचा प्रसंग आला, दवाखान्यातली वापरलेली सुई टोचली किंवा कुणावर अत्याचार झाला, तर मात्र घरी बसून झुरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लागण टाळणारी औषधे तिथे मिळतात. ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. पुढे २८ दिवस घ्यावी लागतात.

राहिला तो वाळलेला माणूस. त्याला काय झाले होते? त्याला साखरेचा आजार होता, मधुमेह. औषध नीट होत नव्हते, म्हणून वाळला होता. दुकानातल्या त्या बोलण्यानंतर न्हाव्याने त्याला "दुकान बंद करायच्या वेळी या" असे सांगायला सुरुवात केली. चहावाला त्याला कागदाच्या पेल्यात चहा देऊ लागला. लोक असे का वागतात, हे त्याला कित्येक दिवस कळलेच नाही.

बरे, त्याला एच. आय. व्ही. असता तरी काय? त्याच्या शेजारी बसून चहा प्याल्याने कुणाचे काहीही बिघडले नसते. नियमित गोळी घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. आपल्या देशात एच. आय. व्ही. असलेली सुमारे २५ लाख माणसे आहेत. ती आपल्यातच राहतात, आपल्याबरोबर एस. टी. त बसतात.

या भीतीपायी सरकारसुद्धा एके काळी वाहवत गेले होते. गोव्यात डॉमनिक डिसूझा नावाचा तरुण होता. तो रक्तदान करायचा. १९८९ साली त्याच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला. पोलिसांनी त्याला धरून नेले आणि म्हापशाच्या बंद पडलेल्या क्षय रुग्णालयात एकट्याला कोंडले. गोव्याचा त्या वेळचा कायदाच तसा होता. तो तिथे ६४ दिवस होता. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. सुटल्यावर त्याने आपल्यासारख्या माणसांसाठी संस्था उभी केली. १९९२ साली तो वारला. त्याला कोंडल्याने एकाही गोवेकराचा बचाव झाला नाही, कारण त्याच्या शेजारी राहून कुणाला धोका नव्हताच.

आज कायदा उलट बाजूने उभा आहे. २०१७ साली संसदेने एच. आय. व्ही. आणि एड्सबद्दलचा कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एच. आय. व्ही. आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येत नाही, शाळेतून काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाही. संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही. आणि एखाद्याला हा रोग आहे असे त्याच्या परवानगीवाचून चारचौघांत फोडणे हा कायद्याचा भंग आहे.

या रोगाबद्दल काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा फोन आहे. तो फुकट आहे. मराठीत बोलता येते. आपले नाव सांगावे लागत नाही.